हेवीवेट की वेल्टरवेट? बॉक्सिंग बघायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये सतरा मुख्य वजनी गट आहेत. सगळे बघणं कुणालाच शक्य नाही, त्यामुळे नवा प्रेक्षक साहजिकच हेवीवेटकडे वळतो. त्यात आपण महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या बघत वाढलेली माणसं. सगळ्यांत वजनदार तोच सगळ्यांत भारी, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. बॉक्सिंगपुरतं ते बाजूला ठेवा. कसब बघायचं असेल तर वेल्टरवेट, म्हणजे १४७ पौंड (साधारण ६६.७ किलो) हा गट धरा, असं मी ठामपणे सांगेन.

कारण सरळ आहे. या बांध्याची तरुण मुलं जगभर भरपूर सापडतात. हेवीवेट म्हणजे २०० पौंडांच्या (९०.७ किलो) वर, कमाल मर्यादा नाही. इतकी धिप्पाड आणि तरीही चपळ मुलं मुळात कमी, आणि अमेरिकेत त्यांतली बरीचशी अमेरिकन फुटबॉल नाहीतर बास्केटबॉलकडे जातात. शिवाय १४०, १४७, १५४ हे गट सात-सात पौंडांच्या अंतरावर आहेत. खालचा विजेता वर येतो, वरचा आव्हान देतो, त्यामुळे कुणालाच निवांत बसता येत नाही. उलट १७५ पौंडांच्या लाइट हेवीवेटनंतर थेट २०० चा क्रूझरवेट. ही उडी फार थोड्यांना झेपते.

१६ सप्टेंबर १९८१ ची लास व्हेगासमधली शुगर रे लिओनार्ड विरुद्ध थॉमस हर्न्स ही वेल्टरवेट लढत बघितलीत की मला काय म्हणायचंय ते कळेल. हर्न्स सहा फूट एक इंच उंच, लांब हातांचा, ठोशात भयंकर ताकद. लिओनार्ड पायांवर नाचणारा. सहाव्या-सातव्या फेरीत लिओनार्डने हर्न्सला हलवून सोडलं आणि लढतीचा नूरच पालटला. ठोसेबाज हर्न्स लांब राहून, मागे सरकत, डाव्या जॅबने (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाने) गुण गोळा करू लागला आणि नाचणारा लिओनार्ड त्याच्या मागे धावू लागला. तेरा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या कागदावर हर्न्स पुढे होता. लिओनार्डचा डावा डोळा सुजून मिटत आला होता. चौदाव्या फेरीत त्याने हर्न्सला दोरांशी गाठून असे ठोसे लगावले की रेफरीला लढत थांबवावी लागली. भर लढतीत आपली शैली बदलून दुसऱ्याची पेलून दाखवणं, तेही दोघांनी! हेवीवेटमध्ये असं क्वचितच बघायला मिळतं.

पण हेवीवेटला कमी लेखू नका. तिथे हरत असलेला माणूस एका ठोशात लढत फिरवू शकतो, ही धाकधूक दुसऱ्या कुठल्याच गटात इतकी नसते. मे २०२४ मध्ये रियाधला ओलेक्सांद्र उसिकने सहा फूट नऊ इंचांच्या टायसन फ्युरीला हरवून चारही मुख्य जागतिक संघटनांचे पट्टे मिळवले. नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर कोलमडत होता आणि रेफरीला अंक मोजावे लागले. पण उसिक आला कुठून? क्रूझरवेटमधून, २०१८ मध्ये तो तिथला निर्विवाद विजेता, म्हणजे चारही पट्ट्यांचा मानकरी होता. हेवीवेटच्या शिखरावर पोहोचलेलं कसब खालच्या गटात घडलेलं होतं, हे मला फार बोलकं वाटतं.

लहान वजनांत कसब तसूभरही कमी नाही. जपानचा नाओया इनोउए बँटमवेट (११८ पौंड) आणि सुपर बँटमवेट (१२२ पौंड), दोन्हींत चारही पट्ट्यांचा मानकरी ठरला. फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओने पहिलं जगज्जेतेपद फ्लायवेटमध्ये, ११२ पौंडांत मिळवलं आणि पुढे तो वेल्टरवेटच्याही वर, १५४ पौंडांच्या गटापर्यंत चढला. जपान, मेक्सिको, फिलिपिन्समध्ये या गटांना मोठा मान आहे.

आता वेळेचं. लास व्हेगासमधल्या शनिवार रात्रीच्या मुख्य लढती आपल्याकडे रविवारी सकाळी, चहाच्या वेळी येतात. रियाध किंवा लंडनच्या लढतींसाठी बहुधा पहाटेपर्यंत जागावं लागतं. टोकियोतली लढत साधारण संध्याकाळी दिसते. नोकरी सांभाळून बघणाऱ्याला हे सोयीचं.

सुरुवात लिओनार्ड-हर्न्सनेच करा. त्यानंतर जुलै २०२३ ची वेल्टरवेटमधलीच टेरेन्स क्रॉफर्ड-एरोल स्पेन्स लढत लावा. स्पेन्स दुसऱ्या फेरीत एकदा आणि सातव्यात दोनदा खाली पडतो. नवव्यात लढत थांबते. क्षणचित्रांवर भागवू नका, पूर्ण बघा. पहिल्या फेरीत क्रॉफर्ड फारसं काही करताना दिसत नाही. तो समोरच्याचं अंतर आणि लय मोजत असतो.