विंडोज, लिनक्स आणि मॅक एकाच नेटवर्कवर: फाइल सर्व्हर कोणता घ्यावा?

मॅकवर काम करणाऱ्याने ड्रॉइंग सर्व्हरवर टाकलं. लिनक्सवाल्याने ते उघडलं, दोन दुरुस्त्या केल्या आणि सेव्ह करायला गेला, तर ‘परमिशन डिनाइड’. मी टर्मिनलवर फाइलींची यादी काढून पाहिली. मालकाच्या रकान्यात नावच नव्हतं, नुसता आकडा होता: ५०१. सर्व्हरच्या लेखी या नंबरचा कोणी माणूसच अस्तित्वात नव्हता.

मॅक आपल्या पहिल्या वापरकर्त्याला ५०१ हा क्रमांक देतो, बहुतेक लिनक्स १००० देतात. साध्या एनएफएसमध्ये (नेटवर्कवरून फाइली वाटायची युनिक्सकडची पद्धत) सर्व्हरकडे जातो तो हा क्रमांक, नाव नव्हे. सर्व्हरही तो निमूटपणे खरा मानतो, पासवर्डबिसवर्ड काही विचारत नाही. सगळी यंत्रं एकाच जातीची असली तर हा घोळ कधी लक्षातही येत नाही. म्हणून मिश्र नेटवर्कसाठी सर्व्हर घेताना किती टेराबाइट आणि कोणता प्रोसेसर हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, की ही फाइल कोणाची हे ठरवणार कोण?

पर्याय तोलायच्या आधी प्रोटोकॉलचं, म्हणजे यंत्रं आपसात ज्या भाषेत फाइली देतात-घेतात तिचं, पाहू. एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये युनिक्स वर्कस्टेशनसाठी आणलं. त्याच कामाचं एसएमबी जन्मलं आयबीएममध्ये, वाढवलं मायक्रोसॉफ्टने. ॲपलचं स्वतःचं एएफपी होतं, पण मॅकच्या २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून ॲपलनेच एसएमबीला पहिली पसंती दिली, तेव्हा एएफपी यादीतून खोडा. एसएमबी आज तिघांनाही येतं. एनएफएस लिनक्स आणि मॅकला येतं; विंडोजच्या डेस्कटॉपचा एनएफएस क्लायंट मात्र तिसऱ्या आवृत्तीवरच अडकलेला आहे. त्यामुळे सगळ्यांनी वापरायचा फोल्डर एसएमबीवर, आणि लिनक्स यंत्रांची होम डिरेक्टरी, कोड, सिम्युलेशनचं काम एनएफएसवर, अशी वाटणी मला पटते. सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारं नाव) आणि एक्झिक्युटेबल बिट (फाइल प्रोग्रॅम म्हणून चालवता येते ही खूण) एनएफएसवर जसेच्या तसे राहतात, एसएमबीवर त्यांची ओढाताण होते.

आता खरे तीन पर्याय: विंडोज सर्व्हर, लिनक्सवर सांबा (लिनक्सला एसएमबी बोलायला लावणारा प्रोग्रॅम), किंवा तयार नॅस (फाइली साठवण्यासाठीच बनवलेली, नेटवर्कला जोडायची पेटी).

ॲक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्यांची खाती सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) आधीच चालू असेल आणि बहुतेक टेबलांवर विंडोज असेल, तर विंडोज सर्व्हरला नावं ठेवण्यात अर्थ नाही. परवानग्या बारकाईने देता येतात, खाती एका जागी राहतात, ‘फाइल कोणाची’चं उत्तर तयारच असतं. २०१२ च्या आवृत्तीपासून तो एनएफएस ४.१ सुद्धा देतो, पण विंडोजची खाती आणि युनिक्सचे क्रमांक यांची सांगड तुम्हालाच घालावी लागते. खर्चाची मेख वेगळीच आहे. सर्व्हरच्या लायसन्सशिवाय प्रत्येक वापरकर्त्यामागे किंवा यंत्रामागे क्लायंट ॲक्सेस लायसन्स लागतं, आणि त्यात मॅक-लिनक्सवालेही मोजले जातात. ‘आमच्याकडे विंडोज दोनच आहेत’ म्हणून सुटका होत नाही. त्यावर तोडगा म्हणून साधा विंडोज ११ चा पीसी सर्व्हर करणारे भेटतात. तिथे एका वेळी २० जोडण्यांची मर्यादा आहे.

लिनक्स आणि सांबा ही माझी आवड, हे आधीच कबूल करतो. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सांबा लिहायला घेतला; डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या ४.० पासून तो स्वतःच ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे खाती तपासणारा सर्व्हर, होऊ शकतो. मॅकसाठी त्यात ‘फ्रूट’ नावाचं मॉड्यूल आहे. ते लावलं की मॅकची जादा माहिती नीट साठवली जाते आणि टाइम मशीनचा बॅकअपही घेता येतो. खाली झेडएफएस ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) ठेवून दर तासाला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेतले आणि सांबाला ते दाखवायला सांगितलं, की विंडोजवाला फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मधून कालची फाइल स्वतः परत आणतो. मला फोन येत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा फायदा. लायसन्सचा खर्च शून्य. पण हे सगळं जमवणारा माणूस हाताशी हवा. तो रजेवर गेला आणि कॉन्फिग फाइलमधल्या ओळी दुसऱ्या कोणाला वाचता येत नसल्या, तर स्वस्तात पडलेला सर्व्हर महागात जातो.

तयार नॅस पेटीच्या आतही बहुधा लिनक्स आणि सांबाच असतात, वर वेबपेजचा मुलामा. दहा-पंधरा टेबलांच्या ऑफिसला, जिथे पूर्णवेळ सिस्टिम ॲडमिन नाही, तिथे मी डोळे झाकून नाही, पण फारसा वाद न घालता हीच सुचवीन. पारखायचं ते एवढंच, की अपडेट किती वर्षं मिळणार आणि पेटी जळाली तर तिच्या डिस्क दुसऱ्या लिनक्स यंत्रावर वाचता येतील का. जुनी पेटी कोणी फुकट दिली तरी सावध. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. त्याच वर्षअखेरपासून नव्या विंडोजमध्ये ती आवृत्ती आपोआप बसत नाही, आणि जुन्या पेटीला बहुधा तेवढीच येते. विंडोज ११ च्या २४एच२ पासून तर एसएमबी सायनिंग (प्रत्येक संदेशावर खरेपणाची सही) सक्तीचं झालं आणि प्रो आवृत्तीतही पासवर्डविना गेस्ट म्हणून शिरणं बंद झालं. ‘काल उघडत होतं, आज उघडत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते.

तिन्हींत एक मोह सारखाच असतो: तोच फोल्डर एसएमबीवरही आणि एनएफएसवरही उघडा ठेवायचा. लिहिण्यासाठी तरी ठेवू नका. विंडोजमध्ये ‘मी उघडलंय, दुसऱ्याने लिहू नये’ हे बंधन सर्व्हर पाळायलाच लावतो. युनिक्समधलं लॉक हा बहुतेकदा सभ्यतेचा करार असतो. ज्याने विचारलंच नाही, त्याला कोणी अडवत नाही. दोघे एकाच फाइलवर आले की शेवटी सेव्ह करणारा जिंकतो. नेटॲपसारख्या महागड्या यंत्रणा दोन्ही प्रोटोकॉल एकत्र सांभाळण्यासाठीच बनल्या आहेत, आणि तिथेही परवानग्या युनिक्सच्या धर्तीवर की विंडोजच्या, हे ठरवावंच लागतं.

मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच माहितीपत्रकात नसते. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, विंडोजच्या एनटीएफएसवर २५५ चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची रूढ पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘क्षि’ दिसतं एक, चिन्हं चार, बाइट १२. म्हणजे लिनक्स सर्व्हरवर नाव ८५ चिन्हांत बसवायचं. विंडोजवरून आणलेली लांबलचक नावं नेमकी इथे कॉपी व्हायची थांबतात. दुसरा त्रास ‘ऱ’चा. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम तो तोडून ‘र’ आणि नुक्ता (खालचं टिंब) अशा दोन चिन्हांत साठवते. विंडोज आणि लिनक्स जसा आला तसा ठेवतात. त्यामुळे ‘दुसऱ्या मजल्याचा आराखडा’ नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरात शेजारी शेजारी बसलेल्या दिसू शकतात, डोळ्यांना तंतोतंत सारख्या. मॅकवरून एनएफएस जोडताना ‘एनएफसी’ हा पर्याय द्यावा, तो यासाठीच आहे. शिवाय लिनक्सवाल्याने वेळ लिहिताना नावात कोलन टाकला तर विंडोजवाल्याला त्या नावाच्या जागी टिल्ड (~) असलेलं अगम्य नाव दिसतं.

वेगाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एक गिगाबिटच्या तारेवरून मोठी फाइल सेकंदाला साधारण ११० मेगाबाइटने जाते, सर्व्हर कोणताही असो. पैसे असतील तर ते आधी दहा गिगाबिटच्या स्विचवर घाला.

आणि त्या ५०१ चं काय झालं? सगळ्यांची खाती एका डिरेक्टरीत आणली, एनएफएसला कर्बेरॉस (ओळख पटवून मगच आत सोडणारी यंत्रणा) लावलं, जुन्या फाइलींची मालकी एकदा बदलून घेतली. कर्बेरॉसला घड्याळं जुळलेली लागतात. पाच मिनिटांहून जास्त फरक पडला तर तो दार उघडत नाही. आमचं एक वर्कस्टेशन सात मिनिटं मागे होतं, त्यात अर्धा दिवस गेला.

घेण्याआधी पेटी आठवडाभर चाचणीला मागून घ्या. प्रत्येक जातीच्या यंत्रावर एक फाइल तयार करा, ती उरलेल्या दोघांवरून बदला, मग पुसा. शेवटी एकावर फाइल उघडी असताना त्याची नेटवर्कची तार ओढा, आणि बाकीची दोघं ‘फाइल वापरात आहे’ म्हणत किती वेळ बसतात ते घड्याळ लावून बघा.