सिलिंडर, पाइप गॅस की इंडक्शन? कोल्हापूरकरांनी हिशेब कसा मांडावा

सिलिंडर नगावर, पाइप गॅस घनमीटरवर आणि वीज युनिटवर. मापं वेगळी असल्यामुळे तुलना फसते. सगळं एका सिलिंडरच्या मापात आणा. 14.2 किलोच्या सिलिंडरमधली उष्णता साधारण 17.5 घनमीटर पाइप गॅसइतकी भरते. इंडक्शनवर तोच स्वयंपाक सुमारे 140 युनिटांत होतो, कारण गॅसच्या शेगडीची बरीच आच भांड्याच्या कडेनं निसटते.

समजा, सिलिंडर 875 रुपयांना पडतो. मग पाइप गॅस 50 रुपये घनमीटरच्या खाली असेल तरच स्वस्त, आणि वीज सव्वासहा रुपये युनिटच्या खाली. ‘875’च्या जागी तुमच्या पावतीवरचा आकडा घाला.

विजेत खरी मेख स्लॅबची, म्हणजे वापर वाढला की चढणाऱ्या दराच्या टप्प्यांची. शंभर युनिटांच्या आत असलेल्या घरात इंडक्शन आलं की महिन्याला सिलिंडरभर स्वयंपाकाच्या 140 युनिटांतली बरीचशी वरच्या स्लॅबमध्ये पडतात. त्या दरात वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च) आणि 16 टक्के वीज शुल्क धरलं की सव्वासहाचं गणित कोलमडतं. छतावर सोलर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे इंडक्शन बिनधास्त घ्या. मात्र 2000 वॅटच्या शेगडीला जवळपास 9 अँपिअर लागतात. ती 6 अँपिअरच्या पॉइंटवर लावली की आधी प्लग तापतो, मग सॉकेट काळं पडतं. 16 अँपिअरचा पॉइंट आणि किमान 2.5 चौरस मिमीची स्वतंत्र वायर हवी. तळ फुगलेला तवा कॉइलवर नीट तापत नाही, आणि भाकरी फुगवायला जाळ लागतोच.

पाइप गॅस दाभोळ-बेंगळुरू वाहिनीच्या वाटेवरच्या आपल्या जिल्ह्यात आलाय, पण ‘गल्लीत लाइन आली’ म्हणजे तुमच्या मजल्यावर गॅस आला असं नव्हे. इमारतीत गॅस सोडलाय का, हे विचारूनच अनामत भरा. सिलिंडर ठेवता येतो की परत करावा लागतो, तेही तेव्हाच विचारा. शेगडीचे जेट, म्हणजे बर्नरखालची गॅस सोडणारी भोकं, बदलून घ्यायचे. सिलिंडरचे बारीक जेट तसेच राहिले तर जाळ मिणमिणता येतो आणि दोष उगाच दाबाला जातो. उलट, पाइप गॅसचे मोठे जेट सिलिंडरवर लावले तर पिवळा जाळ आणि बुडाला काजळी. पाइप गॅस हवेपेक्षा हलका, वर साचतो, म्हणून झरोका छताजवळ हवा. सिलिंडरचा गॅस खाली बसतो.

आणि पूर. 2019 आणि 2021 मध्ये शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, सिलिंडरच्या गाड्या अडकल्या, पाणी शिरलेल्या भागात वीजही गेली. जयंती नाल्याकाठी किंवा नागाळा पार्कात राहत असाल तर केवळ इंडक्शनवर विसंबू नका. जूनअखेर दुसरा सिलिंडर भरून ठेवा. पाइप गॅस घेणार असाल तर मीटर आणि रेग्युलेटर घराला जिथवर पाणी लागलं होतं त्या खुणेच्या वर बसवायला सांगा.

लाइन मजल्यापर्यंत असेल आणि हिशेब जुळत असेल तर पाइप गॅस. नसेल तर सिलिंडर, आणि चहा-दुधापुरती छोटी इंडक्शन.