‘०.२ ची सुई’ म्हणून साडेसहा हजारांना चुना

नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात बांधलेल्या मिग-२१ विमानाचं मॉडेल, १/७२ मापात, उघड्या ॲल्युमिनियमच्या रंगात करायचं माझं जुनं खूळ. ०.३ मिमीचा साधा एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन, घरी होता, कामही बरं चाललं होतं. पण बारीक रेघेला ०.२ च पाहिजे, हे डोक्यात बसलं आणि तिथेच मी फसलो.

ऑनलाइन जाहिरात दिसली: ‘जपानी, ०.२, जेमतेम वापरलेला, साडेसहा हजार’. गडी नाशिकला शालिमारजवळच्या चहाच्या टपरीवर भेटला. मुठीत मावेल एवढा बॅटरीचा कॉम्प्रेसर घेऊनच आला होता. एअरब्रशच्या रंगाच्या कपात थेंबभर पाणी टाकून त्याने वर्तमानपत्रावर फवारा मारला. ‘बघा दादा, केसासारखी रेघ!’ कागद ओला झाला की रेघ पसरते, मग ती केसासारखी की दोरीसारखी, काय कळणार? डबीवर ०.२ लिहिलेलं, सुई चकचकीत. मी पैसे पाठवले. बाकरवडीही मीच खिलवली, आता काय बोलायचं!

घरी दुधाइतका पातळ केलेला रंग भरला, दाब १५ पीएसआय. ट्रिगर जरासा मागे ओढताच रंगाचा लोंढा आला. ओढ कमी केली तर थुंकल्यासारखे ठिपके. आणि कपात बुडबुडे! नोझल, म्हणजे रंग बाहेर पडायचं पुढचं तोंड, नीट बसलेलं नसलं किंवा त्याला चीर असली, की हवा अशी उलटी कपात येते, हे मला माहीत होतं. टपरीवरही बुडबुडे आले असतील, पण माझं लक्ष कागदाकडे आणि कपावर त्याचा अंगठा.

मित्र अंबडला टूलरूममध्ये आहे. त्याने सुई आणि नोझल मायक्रोस्कोपखाली धरलं. सुईचं टोक निमुळतं, ०.२ चं म्हणावं असं. नोझलचं भोक मात्र जवळजवळ ०.५, आणि कडेला केसाएवढी चीर. ‘०.२’ हा आकडा मुळात नोझलच्या भोकाचा. सुई त्या भोकात बसेल अशा उताराने घासलेली असते, म्हणून सुई-नोझल जोडीनेच घ्यायचं. सुईची मागची जाडी बहुतेक सारखीच असते, त्यामुळे नुसती सुई बदलून मोठ्या नोझलचा एअरब्रशही ‘०.२’ म्हणून खपवता येतो. ब्रशही जपानी नव्हता, नाव नुसतं कोरलेलं.

फोन केला तर नंबर ब्लॉक. पोलिसांत गेलो नाही, लाज वाटली.

जुना घेणार असाल तर पाण्यावर भुलू नका. आपला रंग, आपलं थिनर, आणि पांढरा जाड कागद सोबत न्या. नोझल उघडून दाखवायला सांगा, काढायला टाळाटाळ केली तर उठा. भिंग असू द्या: सुईचं टोक नखावर हळूच फिरवलं तरी ते हुकासारखं वळलंय का ते कळतं.

आणि मुळात ०.२ कशाला हवं होतं? ते चटकन तुंबतं, रंग फार पातळ लागतो, आणि जाड कणांचा चांदी रंग त्यातून सुखाने जात नाही. १/७२ च्या विमानाला ०.३ पुरतं, प्रायमर आणि वार्निशला ०.५ बरं. माझं मिग शेवटी जुन्या ०.३ नेच रंगलं. त्या ‘जपानी’ला ०.५ ची सुई आणि नवं नोझल, दोन्ही जोडीनं घातलंय. प्रायमर बरा मारतो मेला.