रात्री हात बधिर होतो : कॅप्सूल घ्यावी की पट्टा बांधावा?

थायरॉइड कमी निघालाय, गोळी सुरू झालीय, आणि तरी रात्री दोन-अडीचला हाताला मुंग्या येऊन झोप मोडतेय, अशा माणसासाठी हे लिहितोय. थायरॉइडची गोळी घ्यावी की नाही हा प्रश्नच नाही, ती घ्यायचीच. अडचण असते ती मधल्या महिन्यांची. गोळीचा डोस बदलला की पुढची टीएसएच तपासणी (रक्ताची; थायरॉइड कमी असला की हा आकडा वाढतो) सहा ते आठ आठवड्यांनी करायची, पुन्हा डोस थोडा वाढवायचा, पुन्हा थांबायचं. थायरॉइडमुळे मनगटात दबलेली नस तर त्याहून सावकाश सुधारते. तोवरच्या रात्री कशा काढायच्या? डॉक्टर साधारण दोन वाटा सांगतात : नसेच्या दुखण्यावरची कॅप्सूल, बहुतेक वेळा प्रीगॅबॅलिन, नाहीतर झोपताना मनगटाला पट्टा. मी दोन्ही केलंय.

मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम आहे. औशाहून रोज मोटारसायकलवर ये-जा. २०२३ च्या दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक वाढली आणि हिशोबपट्ट्या लिहिताना पेन बोटांतून सुटायला लागलं. त्याआधीचे तीन महिने मानेचा एक्स-रे आणि मानेचा पट्टा यातच गेले होते. शेवटी एका डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, “करंगळीला मुंग्या येतात का?” येत नव्हत्या. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढंच बधिर व्हायचं, आणि हात झटकला की जरा बरं वाटायचं. यावरून दोष मानेत नाही, मनगटात आहे हे त्यांनी ओळखलं. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. थायरॉइड कमी असला की आजूबाजूचा भाग पाणी धरून फुगतो आणि नस दाबली जाते. झोपेत मनगट दुमडलं की उरलीसुरली जागाही जाते. रक्त तपासलं तर टीएसएच ४२.

आधी कॅप्सूल घेतली, रात्री ७५ मिलिग्रॅम. तिचं श्रेय तिला द्यायलाच हवं. तिसऱ्या रात्री मी सलग सहा तास झोपलो, कित्येक महिन्यांनी. दुखणं पूर्ण गेलं नव्हतं, पण दूर कुठेतरी गेल्यासारखं वाटायचं. माणूस झोपेवाचून कासावीस झालेला असतो, त्याला हे फार मोठं आहे. त्यामुळे कॅप्सूल घेणाऱ्या कुणाला मी चुकीचं म्हणणार नाही.

माझं मन फिरलं ते सकाळच्या सुस्तीनं. अकरा वाजेपर्यंत डोकं जड असायचं. डॉक्टरांनी कॅप्सूल झोपताना न घेता रात्री आठला घ्यायला सांगितली, थोडा फरक पडला, पण थोडाच. डिसेंबरमधल्या एका सकाळी किल्लारीकडचे एक आजोबा माल घेऊन आले होते. मी पट्टी लिहून हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली, दोनदा वाचली आणि परत माझ्यापुढे ठेवली. “मुनीमजी, काटा चौदा क्विंटल ऐंशीचा झालाय. तुम्ही अठरा चाळीस लिवलंय.” चूक त्यांच्या फायद्याची होती, तरी त्यांनी दाखवली. वीस वर्षांत अशी चूक माझ्या हातून झाली नव्हती. त्या दिवशी घरी येताना गाडी मी तीसच्या वर नेली नाही.

सुस्तीपेक्षाही मला छळलं ते वेगळंच. कॅप्सूलनं सुस्ती येऊ शकते, वजन वाढू शकतं, पाय सुजू शकतात. थायरॉइड कमी असला तरी सुस्ती येते, वजन वाढतं, अंगावर सूज येते. मग माझी सुस्ती कशाची? दोन महिन्यांत वाढलेले तीन किलो कशाचे? थायरॉइडचा डोस कमी पडतोय की कॅप्सूल जास्त होतेय? रिपोर्टवर टीएसएचचा आकडा उतरत होता आणि अंगाला काहीच कळत नव्हतं. आपण बरे होतोय की नाही हे आपल्यालाच न उमगणं, हे माझ्यानं सहन झालं नाही. जानेवारीत मी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी दोन आठवड्यांत कॅप्सूल हळूहळू कमी करून बंद केली. ही कॅप्सूल एकदम सोडायची नसते, हे मात्र लक्षात ठेवा.

मग पट्टा आला. मेडिकलमधून साडेतीनशेला घेतला. त्याचेही त्रास आहेत. पहिले आठ-दहा दिवस काहीच फरक नाही, उलट हात जखडल्यासारखा. व्हेल्क्रोच्या टोकांनी आईच्या हातच्या वाकळेचे टाके ओढून काढले. शेवटी बायको म्हणाली, “अहो, वरून जुना मोजा घाला की,” आणि तेवढं कापडाचं प्रकरण मिटलं. एप्रिल-मेमध्ये आम्ही गच्चीवर झोपतो, तरी पट्ट्याखाली घामानं पुरळ उठलं. तेव्हापासून आतून पातळ सुती कापड गुंडाळायचं आणि दर तीन दिवसांनी पट्टा धुवायचा असं ठरवलं.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती, म्हणून जरा विस्तारानं सांगतो. पट्ट्यात तळव्याच्या बाजूला ॲल्युमिनियमची पाती असते. माझ्या पट्ट्यातली पाती मनगट मागे वाकेल अशी वळवलेली होती. तसाच बांधला तर हात पोलिसानं गाडी थांबवल्यासारखा उभा राहतो आणि नसेवरचा दाब म्हणावा तसा कमी होत नाही. पाती बाहेर काढून गुडघ्यावर दाबली, सरळ केली, परत पट्ट्याच्या खिशात सरकवली. मनगट टेबलावर सपाट ठेवल्यासारखं राहिलं पाहिजे. आणि पट्टा आवळायचा नाही, एक बोट आत गेलं पाहिजे. पाती सरळ केल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी रात्री उठलोच नाही, दूधवाल्याच्या आवाजानंच जाग आली. डोकं मोकळं होतं.

यात पट्ट्याचं किती आणि थायरॉइडच्या गोळीचं किती, हे मी छातीठोक सांगू शकत नाही, कारण तोवर टीएसएचही नऊवर आला होता. पण मार्चमध्ये परभणीला लग्नाला गेलो आणि पट्टा घरीच राहिला. दोन्ही रात्री अडीचला हात झटकत बसलो. घरी येऊन बांधला आणि पुन्हा झोप लागली. माझ्यापुरतं मला तेवढं पुरेसं आहे.

पट्टा सगळ्यांना चालेल असं मात्र नाही. तळपायांची आग होत असेल, दोन्ही पावलं बधिर वाटत असतील, तर मनगटाच्या पट्ट्याचा काय उपयोग? तिथे कॅप्सूलच कामाची ठरू शकते. पण तिच्याआधी साखर आणि बी-१२ तपासून घ्या. शुद्ध शाकाहारी माणसाचं आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्याचं बी-१२ बऱ्याचदा कमी निघतं, आणि सगळा दोष थायरॉइडवर जातो. हात दिवसभर बधिर राहत असेल, शर्टाची बटणं लागत नसतील, अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा सपाट दिसायला लागला असेल, तर या दोन्हींत वेळ घालवू नका. नसांची तपासणी करून घ्या, इंजेक्शन किंवा छोटं ऑपरेशन लागू शकतं.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची हे माहीतच असतं, पण आपल्याकडे पहाटेचा चहा आडवा येतो. निदान अर्धा तास, जमलं तर तासभर तो लांबवा. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर मध्ये चार तास जाऊ द्या. आणि उन्हाळ्यात डबी गाडीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेनं गोळीचा जोर कमी होतो.

आता माझा टीएसएच तीनच्या आसपास असतो. पट्टा एरवी खुंटीला असतो. दिवाळीच्या आधी आवक वाढते, दिवसाला शंभर-सव्वाशे पट्ट्या लिहायच्या असतात, तेव्हा बोटांची टोकं पुन्हा झिणझिणतात. मग पंधरा दिवस तो बांधूनच झोपतो, आतून सुती कापड आणि वरून तो जुना मोजा घालून.