गढुळलेली तीर्थन: निंफ की स्ट्रीमर?

तीर्थन ही हिमाचलातली ट्राउट माशांची नदी. तिथे फ्लाय फिशिंगला, म्हणजे किड्याची किंवा छोट्या माशाची नक्कल केलेल्या गळानं मासा धरायला जायचं तर पुण्याहून चंदीगड, तिथून औट, बंजार, गुशैनी. एवढा प्रवास करून हाती दिवस उरतात तीन. हिमाचलात ट्राउट धरायला बंदी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चात ती उठते आणि त्याच सुमाराला बर्फ वितळून तीर्थन चढायला लागते, गढुळते. मग दोरीला बांधायचं काय?

आधी मासा कुठे आहे ते बघा. आपल्या मावळात चढणीचे मासे पहिल्या पावसात काठाकाठानं येतात, पण ते अंडी घालायला. ट्राउट काठाला येतो तो धारेचा जोर चुकवायला. धोंड्यामागे, संथ पट्ट्यात, कधी गुडघाभर पाण्यातही. म्हणून आल्याआल्या पाण्यात उतरू नका, तुम्ही पाय ठेवाल तिथेच मासा असू शकतो.

निंफ म्हणजे पाणकिड्याच्या पिल्लाची नक्कल. ८ किंवा १० नंबरचा गळ, टंगस्टनचा मणी, रंग काळा. गढूळ पाण्यात बारकावे दिसत नाहीत, आकृती दिसते. निंफ तळालगत वाहायला हवी. एकदाही दगडाला अडकली नाही तर वजन कमी पडतंय. सकाळच्या ५-६ अंशांच्या पाण्यात ट्राउट सुस्त असतो, घास नाकासमोर आला तरच तोंड उघडतो. तेव्हा निंफच.

स्ट्रीमर म्हणजे छोट्या माशासारखी, ओढत आणायची नक्कल. इथे ६ नंबरची काळी वूली बगर, ती पाणी ढकलत जाते. मासा ते हेलकावे अंगावरच्या पार्श्वरेषेनं टिपतो, दिसलं नाही तरी. पण त्याची पाठलागाची तयारी हवी. ती येते ऊन पाण्यावर आल्यावर. दुपार कलली की वरचं वितळलेलं पाणी पोचतं आणि नदी पुन्हा थंड, गढूळ होते.

गुडघाभर पाण्यात बूट दिसत असतील तर निंफ; दिसत नसतील आणि ऊन असेल तर स्ट्रीमर, काठापासून हातभर अंतरावर. एकच डबी न्यायची तर मी निंफची नेईन. ९ फुटी, ५ नंबरची काठी दोन्हीला चालते. टिपेट, म्हणजे गळाजवळचा दोरीचा बारीक तुकडा, ०.२० मिमी; गढुळात जाड दोरी खपते.

स्ट्रीमर ओढायचा सराव पवनेच्या साचलेल्या पाण्यावर होतो, निंफचा नाही. त्यासाठी दिवाळीच्या सुमारास मावळातला वाहता ओढा गाठा. निंफच्या गळाचं टोक मोडा, दोरीला लोकरीचं सूत बांधा आणि शेजारी वाळलं पान सोडा. सूत पानापेक्षा जरा मागे राहायला हवं, कारण तळाचं पाणी वरच्यापेक्षा संथ असतं. पुढे पळालं तर दोरी त्याला ओढतेय. ती उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका.