बाल्सा ग्लायडरचं किट: दोन महिने वापरून झाल्यावर लिहितेय

दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला कॉलेज रोडच्या एका हॉबी शॉपमधून लेकीसाठी हे किट घेतलं, ती सातवीत आहे. 850 रुपये. मोटर नाही, बॅटरी नाही, रिमोट नाही, हाताने फेकायचं विमान. दुकानदार म्हणाला ताई एवढ्यात रिमोटचं हेलिकॉप्टर येतं, ते न्या. मी हेच घेतलं आणि बरं झालं घेतलं, कारण त्या हेलिकॉप्टरने पोरीला बटण दाबायला शिकवलं असतं, ह्याने पंख म्हणजे काय ते शिकवलं.

बॉक्समध्ये बाल्साच्या (एकदम हलकं लाकूड) कापलेल्या पट्ट्या, शेपटी, नाकाला लावायला क्ले, पॉलिश पेपर आणि गोंदाची ट्यूब. आमची ट्यूब वाळलेली निघाली, एक पट्टीही तुटकी होती. दुकानात पट्टी लगेच बदलून दिली, गोंदाचं मात्र काही झालं नाही, मग सगळं फेविकॉलने चिकटवलं आणि कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर ठेवलं. चाललं.

खरी मजा म्हणजे ह्यात पंखांचे दोन सेट आहेत. एक रुंद आणि आखूड, दुसरा लांब आणि एकदम अरुंद, एवढा बारीक की तो वाकू नये म्हणून खालून तिरकी काडी लावायची. आम्ही सकाळी गोल्फ क्लब मैदानावर जाऊन दोन्ही सेट दहा दहा वेळा फेकले, पोरीने पावलं मोजून वहीत लिहिली. आखूड पंखावर 11-12 पावलं, लांब पंखावर 18 ते 20. तेच विमान, तोच हात! कारण असं की पंखाच्या खालची जास्त दाबाची हवा टोकाकडून वर पळते आणि तिथे भोवरा तयार होतो, तो भोवरा विमानाला मागे ओढतो. पंख लांब आणि अरुंद असला की हे नुकसान कमी होतं.

आणि हे काही पोरांचं खेळणं म्हणून नाहीये बरं का. नासा आणि बोइंगने 2023 मध्ये हेच मोठ्या विमानावर करायचं ठरवलं होतं, एक्स-66 नाव, जुन्या एमडी-90 प्रवासी विमानाला असेच लांब बारीक पंख आणि खाली तिरका आधार, सोबत बाकीच्या सुधारणा धरून 30% पर्यंत इंधन वाचवायचं असं गणित. 2025 मध्ये ते विमान थांबवलं, आता आधी नुसत्या बारीक पंखावर अभ्यास चाललाय. मी हे पोरीला सांगितलं तर ती म्हणाली मग आपलं तर उडतंय की.

माझी मोठी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. एक तर फक्त इंग्रजीत. त्यात पंखाच्या आकाराला एनएसीए 4412 लिहिलंय आणि पुढे नुसतं शास्त्रज्ञांनी शोधलेला आकार. अरे पण कोणी शोधला ते सांगा ना! एनएसीए म्हणजे नासाच्या आधीची अमेरिकेची सरकारी संस्था, 1915 सालची. 1933 मध्ये त्यांनी वाऱ्याच्या बोगद्यात (आत जोरात हवा सोडून मॉडेल तपासतात तो) 78 आकार तपासून सगळे आकडे छापून टाकले, कोणीही घ्या. नंबरही किती सोपा, 4 म्हणजे पंखाच्या रुंदीच्या 4% बाक, दुसरा 4 म्हणजे तो बाक पुढून 40% वर, 12 म्हणजे जाडी 12%. शिकाऊ पायलट ज्या सेस्ना 172 वर शिकतात तिचा पंख ह्याच कुटुंबातला 2412. सरकारी पैशाने झालेलं काम नव्वद वर्षांनी माझ्या पोरीच्या हातात येतं आणि पत्रकात एक ओळ नाही, मला खरंच वाईट वाटलं.

तसंच विंगलेटचं. विमानाच्या पंखाची टोकं वर वळलेली दिसतात ना, ती नासाच्या रिचर्ड व्हिटकॉम्बने 1970 च्या दशकात बसवून दाखवली, पुढे अमेरिकन हवाई दलाच्या केसी-135 विमानावर चाचणी झाली तेव्हा 6 ते 7% इंधन वाचलं. हा माणूस बोगद्यातल्या मॉडेलला स्वतः कानस मारायचा. माझी पोर पॉलिश पेपर घेऊन पंखाची पुढची कड तासभर घासत बसते तेव्हा मला तोच आठवतो.

माझे बाबा नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत होते, मिग 21, मग मिग 27, मग सुखोई अशी सगळी लढाऊ विमानं त्यांच्या हाताखालून गेली. आता तिथे आपल्या तेजस लढाऊ विमानाची लाइन सुरू झालीय. ते किट बघून म्हणाले, अगं तेजसचा कॉम्पोझिटचा (धागे आणि राळ मिळून केलेलं हलकं मटेरियल) पंख बेंगळुरूच्या एनएएलमध्ये घडला, ते पण टाकायला पाहिजे होतं ह्यात. एनएएल म्हणजे 1959 पासूनची आपली विमानांची सरकारी प्रयोगशाळा. त्यांनीच सारस नावाचं छोटं प्रवासी विमान केलं, 2004 ला पहिल्यांदा उडालं, 2009 च्या चाचणीत अपघात होऊन तिघे गेले, तरी 2018 ला परत उडवलं आणि आता 19 सीटरचं काम चालू आहे. नाशिकसारख्या गावातून छोट्या गावाला जायचं तर असंच विमान लागणार, मोठ्या एअरबसला तेवढी माणसं कुठून आणायची. बाबा हे सांगताना थांबले होते थोडे.

उडवण्याबद्दल थोडं. आमचं विमान पहिल्या दिवशी नाक वर करायचं आणि धपकन पडायचं. नाकाला क्ले वाढवल्यावर सरळ गेलं. मग डावीकडे वळायला लागलं, तर पोरीनेच ओळखलं की हे कन्नी खातंय, संक्रांतीला येवल्याला मामाकडे पतंग उडवते ना ती. उजव्या पंखाच्या टोकाला चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि झालं, अगदी पतंगाला कन्नी बांधतात तसं. हे पत्रकात कुठेच नाही.

5 पैकी 4. मराठी पत्रक आलं तर पूर्ण 5 देईन. घेणाऱ्यांनी सकाळी आठच्या आत मैदानावर जा, नंतर वारा सुटतो आणि लांब पंखाची काडी मोडते, आमच्या दोन मोडल्या. जादा काड्या दुकानात सुट्या मिळतात, 20 रुपयाला एक, किट घेतानाच चार घेऊन ठेवा.