पॅरिस ते लंडन युरोस्टार: विमानाचा सव्वा तास धरून फसू नका

साताऱ्याहून स्वतः युरोप आखणारे बहुतेक जण पॅरिस–लंडनसाठी आधी विमानच बघतात. सरळ रेषेत अंतर साधारण 344 किलोमीटर, विमानाची वेळ सव्वा तासाच्या आसपास. युरोस्टार रेल्वेला सुमारे दोन तास वीस मिनिटं लागतात. तरीही रेल्वेच सरस आहे.

मुंबईच्या रात्रीच्या विमानासाठी आपण साताऱ्याहून दुपारीच गाडी काढतो. तोच हिशेब तिथंही लावा. शहरातून चार्ल्स द गॉल विमानतळ गाठायला अर्धा-पाऊण तास, दोन तास आधी हजेरी, मग उड्डाण, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर इमिग्रेशन आणि बॅगांची वाट, पुन्हा शहरात यायला पाऊण तास. पाच-साडेपाच तास सहज जातात. युरोस्टार पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनहून निघते आणि थेट सेंट पँक्रस स्टेशनला, म्हणजे लंडनच्या मध्यावर उतरवते. सव्वा तास आधी पोचलात तरी साडेतीन-पावणेचार तासांत काम होतं. फ्रान्सची बाहेर पडण्याची आणि ब्रिटनची प्रवेशाची, दोन्ही तपासण्या पॅरिसलाच गाडीत बसण्याआधी होतात. लंडनला उतरलं की सरळ बाहेर.

वेळापत्रक वाचताना घोळ होतो तो इथं: लंडनचं घड्याळ पॅरिसच्या एक तास मागे असतं आणि तिकिटावर स्थानिक वेळा छापतात. दहाला निघून 11.20 ला पोहोच दिसली, तर प्रवास दोन तास वीस मिनिटांचाच. लंडनहून पॅरिसला येताना तोच प्रवास तीन तास वीस मिनिटांचा दिसतो.

व्हिसा दोन लागतात, शेंगेन (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) आणि ब्रिटनचा. शेंगेन एकदाच प्रवेशाचा असेल तर लंडनला गेल्यावर पॅरिसला परतता येत नाही. म्हणून लंडन शेवटी ठेवा आणि मुंबईचं विमान तिथूनच घ्या. मात्र त्याच दिवशी हीथ्रोहून मुंबई गाठायची असेल, तर पॅरिसपासून एकाच तिकिटावरचं विमान बरं. तिकिटं वेगळी असली आणि गाडीला उशीर झाला, तर पुढचं विमान चुकल्याची जबाबदारी आपली.

साध्या वर्गात 85 सेंटिमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि एक हातातली पिशवी चालते, पण चढवायची स्वतःलाच. आईबाबा सोबत असतील तर बॅगा लहानच भरा. द्रवाला विमानासारखी 100 मिलीची अट नाही, त्यामुळे पाण्याची भरलेली बाटली नेता येते. शेंगदाण्याची चटणी, चिवडा खुशाल न्या. कंदी पेढे मात्र घरीच ठेवा, कारण भारतातून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्येही नेता येत नाहीत.

समुद्र दिसेल या आशेनं खिडकीसाठी अडून बसू नका. गाडी फ्रान्स आणि इंग्लंडमधला समुद्र बोगद्यातून ओलांडते. बोगदा 50 किलोमीटरचा, त्यातले 38 समुद्राखाली. जवळपास वीस मिनिटं बाहेर फक्त काळोख असतो.

खरी उणीव भाड्याची. तारीख जवळ आली की दर झपाट्यानं चढतात आणि मग विमान स्वस्त दिसू लागतं. तेव्हा विमानाच्या भाड्यात बॅगेचे आणि विमानतळ गाठायचे पैसे मिळवून मगच तुलना करा.